हेग्येशहालोमला मला उठव

व्हिएन्नाहून बुडापेस्ट. दोन तास चाळीस मिनिटं.
गणपतीच्या दिवसांत चेकनाक्याहून कल्याणला लागतात,
जवळपास तेवढीच.

"विमानानं जा ना," शाल्मली फोनवर म्हणाली.
हे म्हणाले, "विमानातून देश कुठे संपतो ते कळत नाही."

हे एकतीस वर्षं जकात नाक्यावर होते.
मुलुंडला, हायवेच्या तोंडाशी.
कांद्याचे ट्रक, फरशांचे ट्रक,
एकदा सर्कशीचा उंट, त्याला कुठल्या दरात धरावं
म्हणून रात्री दोनला साहेबांना उठवलेलं.
ताडपत्री वर करायची, टॉर्च मारायचा,
पावती फाडायची, बांबू उचलायचा.
मग जकात गेली. बांबूही गेला.
अजूनही रिक्षातून तिथून जाताना
ह्यांचा उजवा हात मांडीवरून जरासा उठतो.

तिकिटं तिकडच्या मध्यरात्री उघडणार होती,
म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला.
मी कपभर पाण्यात चहा टाकला, चष्मा पुसला,
समोरच्या इमारतीत एकच दिवा, कुणाचं तरी बाळ रडत होतं.
सगळं जर्मनमध्ये. इंग्रजीचं बटण सापडेना.
वाइटर, वाइटर असं लिहिलेलं होतं प्रत्येक पानाखाली,
मी घाबरत दाबत गेले,
वाईट काही झालं नाही.

नावाला दोनच चौकोन. एक स्वतःचं, एक आडनाव.
मधल्या नावाला जागा नाही.
बेचाळीस वर्षं रेशनकार्डावर, बँकेत, मतदारयादीत
सुलभा दत्ताराम केळुसकर,
आणि आज नुसतीच सुलभा केळुसकर, आसन क्रमांक चौसष्ट.
ह्यांनी पाहिलं. म्हणाले,
"गाडी चुकली तर कोणाला विचारशील?"
"तुम्हीच असाल ना शेजारी, पासष्टला."
"हो, पण कागदावर नाही."

मग डावीकडची खिडकी की उजवीकडची.
आपला नाका डावीकडे होता, म्हणून डावी.
इंजिन कोणत्या टोकाला लागणार ते मात्र चित्रात नव्हतं.

कार्ड नाकारलं. परदेशी व्यवहार बंद.
ते चालू केले, तर ओटीपी आला तो स्वयंपाकघरात
पिठाच्या डब्यामागे चार्जिंगला लावलेल्या फोनवर.
मी पळत जाऊन परत येईपर्यंत वेळ संपली.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा वाइटर.
तेवढ्यात भाडं चार युरोनं चढलं.
ह्यांनी चारला शंभरनं गुणलं
आणि चहा अर्धाच ठेवला.

सहा वाजून पाच मिनिटांनी आलं ते.
दोन तिकिटं, एक चौकोनी ठिपक्यांची रांगोळी.
दूधवाला बेल वाजवून गेला, आम्हाला ऐकूच आलं नाही.

मग ह्यांनी तो प्रश्न विचारला, जो बहुधा
महिनाभर मनात होता.
"सरहद्दीवर गाडी किती वेळ थांबते? तपासायला कोण चढतं?"
मी शाल्मलीला विचारून ठेवलं होतं.
"कोणी नाही."
"डबे उघडून बघत नाहीत?"
"नाही."
"पावती?"
"नाही हो."
बराच वेळ हे बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीकडे बघत राहिले.
मला वाटलं, आता म्हणतील रद्द कर,
साठ टक्के परत मिळतात, मी वाचलं होतं.
म्हणाले, "मग दोन्हीकडच्या माणसांना कळतं कसं?"

दुपारी नकाशा मोठा करून बसले.
नाव वाचता येईना, मीच फोडून दिलं.
हे-ग्येश-हा-लोम.
रेघ फिकी, तुटक तुटक, दोन शेतांच्या मधून गेलेली.
एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूलाही हिरवंच.
ह्यांनी तिथे नख ठेवलं. काच दाबली गेली,
नकाशा सरकला, पुन्हा ओढून आणला.

"जेवणानंतरची गाडी आहे, मला डुलकी लागेल," म्हणाले.
"इथं आलं की मला हलव.
आणि आधी नाही हलवायचं. इथंच."